पालथा कप

टेबलावर पालथा कप दिसला की नाना उभे राहायचे.

एरवी माणूस ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून सुपारी कातरत असायचा. पुढे गर्दी होवो, कोणी बोनेटवर हात फिरवो, कोणी हॉर्न वाजवो, नानांची मान वर होत नसे. पण चहाचा ट्रे आला आणि किटली वाकायच्या आत कोणी आपला कप बशीत पालथा घातला, की नाना अडकित्ता खिशात टाकायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "राम राम. कोणतं गाव?"

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं. जळगावच्या आमच्या ट्रॅक्टरच्या दुकानात शेठपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उतरणीची. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. तुम्हीही त्या वयातून गेला असाल, तेव्हा जास्त सांगत नाही. टायपिंगच्या दोन परीक्षा, उंच टाचांच्या चपला आणि डोळ्यांवर काळा गॉगल, एवढ्या भांडवलावर मी दुकानात पत्रं टाइप करायला लागले होते. ट्रॅक्टरबद्दल मला इतकंच ठाऊक होतं की मागची चाकं मोठी असतात.

त्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी सरत आली असताना, धुळ्याला शेतीचं मोठं प्रदर्शन भरलं. पाच दिवसांचं. धाकटे शेठ नुकतेच पुण्याहून काहीतरी शिकून आले होते. त्यांनी ठरवलं की स्टॉलवर एक मुलगी हवी आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचा. मुलगी म्हणजे मी. फॉर्मही मीच टाइप केलेला : नाव, गाव, जमीन किती, ट्रॅक्टर घेण्याचा विचार आहे काय. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' लिहिणारा माणूस मला पाच दिवसांत एकही भेटला नाही.

निघताना धाकटे शेठ नानांना म्हणाले, "नाना, दोन ट्रॅक्टर नेतोय. दोन्ही तिथेच विकले गेले पाहिजेत. नाही गेले तर यापुढे विक्री फॉर्मवर. तुम्ही मागे स्पेअर पार्टच्या गोदामात बसा. सावली आहे, पंखा आहे."

एस.टी.त नाना खिडकीशी बसले आणि धुळं जवळ येईपर्यंत बाहेरची शेतं बघत राहिले. नानांचं गाव त्याच बाजूचं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गोदाममा माणूस येत नही, पोरी. नुस्ता नट नि बोल्ट."

तीस वर्षं माणसं वाचलेल्या माणसाला नट-बोल्ट वाचायला बसवणार होते. मला मात्र तेव्हा वाटलं, पंखा आहे म्हणतात तर हे कुरकुरतात कशाला?

पहिल्याच दिवशी आमच्या स्टॉलवर जत्रा लोटली. मी खूश. एका दुपारीत फॉर्मचा गठ्ठा संपला. नानांना नेऊन दाखवला.

"बठ्ठा कॉलेजना पोरं शेतस," नाना म्हणाले. "ट्रॅक्टर देखाले नही उनात."

"सगळी कॉलेजची? मग ती काय बघायला आली?"

नानांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि माझ्या गॉगलकडे पाहिलं. मी गॉगल काढून पर्समध्ये ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा लावला.

नानांचं एक वाक्य होतं. दिवसातून दहा वेळा तरी म्हणत : "देखणारा म्होरेथीन येस, लेणारा मांगेथीन." ज्याला नुसता बघायचाय तो पुढून येतो. त्याला रंग हवा असतो, दिवे हवे असतात, स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो हवा असतो. ज्याला घ्यायचाय तो मागून येतो, कारण नांगर मागे लागतो, ट्रॉली मागे लागते. तो वाकून हूक बघतो, लिफ्टचा दांडा हलवून बघतो आणि तोंड वाकडं करतो. नावं ठेवतो. "स्तुती करस ना, तो घर जास," नाना सांगत. "नाव ठेवस, तो परत येस."

आणि कप. आपल्याकडे एखाद्याचा चहा प्यालो की त्याच्याशी घासाघीस करायला जीभ रेटत नाही. म्हणून ज्याला खरंच सौदा करायचाय तो आधी चहा घेत नाही. नको म्हणणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून हळूच कप पालथा घालतो. ज्याला काही घ्यायचंच नाही तो खुशाल पितो, बशीतलंही पितो. नाना त्याला दुसरा कप देत. त्याचा राग नव्हता त्यांना. "देखू दे ना. देखाले काय जास?"

मला ही सगळी गावठी अंधश्रद्धा वाटे. माझी पारख शास्त्रीय होती. मी घड्याळ बघायची, अंगठ्या बघायची आणि बूट.

तिसऱ्या दिवशी माझ्या शास्त्राला साजेसा माणूस आला. पांढराशुभ्र सफारी, तीन अंगठ्या, बूट असे की त्यात मला माझा गॉगल दिसला. पुढूनच आला. मोठ्या ट्रॅक्टरवर चढून बसला, आम्हाला खाली उभं करून म्हणाला, "हा माझा. परवा येऊन घेऊन जातो. दुसऱ्या कोणाला दाखवू नका, मॅडम."

मॅडम! मला तोवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्याने तीन कप चहा घेतला. मी घाईघाईने पुठ्ठ्यावर 'विकला' असं सुबक अक्षरात लिहिलं आणि पाटी त्या ट्रॅक्टरला टांगली. नाना तेव्हा जेवायला गेले होते. आले आणि थेट मागच्या बाजूला बसले. पाटी पुढे टांगलेली. त्यांना दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भडगावकडचे दोघे भाऊ आले. मागून आले, वाकले, लिफ्टला नावं ठेवली, दोघांनी दोन कप पालथे घातले. नाना उभे राहिले. धाकट्या भावाने ट्रॅक्टरला चक्कर मारली, पुढची पाटी वाचली आणि थोरल्याला म्हणाला, "भाऊ, हा तर इकायेल शे." दुसरा ट्रॅक्टर त्यांना लहान पडत होता. दोघे निघून गेले.

नाना पुढे आले. पाटी वाचली.

"कोणी लायी?"

"मी. पक्कं गिऱ्हाईक आहे, नाना. उद्या येणार."

"चहा लिधा त्यानी?"

"तीनदा."

नाना खाली बसले. मी म्हटलं, "काढू का पाटी? त्या भावांना हाक मारते."

"ऱ्हाऊ दे. तू शब्द दिधा ना? दुकानना शब्द शे तो. उद्यालोंग ऱ्हाऊ दे."

त्यांना माहीत होतं तो माणूस येणार नाही. मला माहीत नव्हतं. तरी पाटी राहिली.

पाचव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, सफारीवाला दुपारपर्यंत आला नाही. मी दर पाच मिनिटांनी फाटकाकडे बघत होते. नाना पाणी प्यायला गेले होते, तेवढ्यात सावद्याकडची एक बाई आली. पन्नाशीची, नऊवारी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा, हातात केळीच्या सोपटाची दोरी. बरोबर तरुण सून. बाई पाटी नसलेल्या लहान ट्रॅक्टरच्या मागे गेली, दांडा हलवला, नाक मुरडलं. मग दोरी काढून एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत माप घेतलं आणि गाठ मारली.

चहा आला होता. बाईने सुनेचा आणि स्वतःचा, दोन्ही कप पालथे घातले.

"पोरी, माह्या सुनेचा पाय पुरीन का इथं?" तिने विचारलं.

आणि मी, जिला ट्रॅक्टरच्या स्टॉलवर बघून अख्खं धुळं हसत होतं, जिला रोज कोणीतरी 'मॅडम, तुम्ही भाकरी करता की नट आवळता' म्हणत होतं, ती मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अक्का, बायकांसाठी भांड्यांचा स्टॉल आहे. सरळ जा, डाव्या हाताला."

अक्काने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. उंच टाचांवर तिची नजर जरा थांबली. मग दोरी गुंडाळली आणि सुनेला म्हणाली, "चाल वं."

नाना आले तेव्हा टेबलावर दोन पालथे कप होते.

"कोण उनं व्हतं?"

"कोणी नाही. दोन बायका. दोरीने काहीतरी मोजत होत्या."

"मांगेथीन उन्यात?"

"हो."

"कथा गयात?"

मी भांड्यांच्या स्टॉलकडे बोट दाखवलं. नाना तिकडे गेले नाहीत. प्रदर्शनाच्या मैदानावर धूळ बसावी म्हणून पाणी मारायचा टँकर फिरत असे, आमच्याच कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टरला जोडलेला. नाना सरळ त्या टँकरकडे चालू लागले. मागे मी, टाचा रुतवत. अक्का तिथेच होती, टँकरच्या ड्रायव्हरला खोदून खोदून विचारत होती. घेणारा विकणाऱ्याला विचारत नाही, वापरणाऱ्याला विचारतो. हेही मला त्या दिवशी कळलं.

"अक्का, राम राम," नाना म्हणाले.

"तुमच्या पोरीनं मले भांड्याचा रस्ता दाखवला, भाऊ." अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली. "भांडे हायेत माह्या घरी. केळीचे घड वाह्याले ट्रॅक्टर नाही. पोरगा फौजेत, सून चालवते म्हनते. गल्लीतून आत जाते का, ते मोजून पाह्यत होती."

"नवी शे ती. तिले काय समजत नही." नाना माझ्यासमोर माझी अशी ओळख करून देत होते आणि मी मान हलवत होते.

"समजत नाही त शिकू द्या ना." अक्काला आता मजा वाटायला लागली होती. "ही टाचवाली चालवीन, त माही सून बी चालवीन. बसवा हिले. हिनं चालवला, त म्या घेतला."

मी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला काढल्या.

स्टॉलवर परतून मी त्या लहान ट्रॅक्टरवर चढले, नाना शेजारी मडगार्डवर बसले. "डावा पाय दाब. आते गिअर. आते हळू सोड. हळू. हळू, माय मनी!"

मी हळू सोडला नाही. ट्रॅक्टर उडी मारून निघाला आणि माझ्याच फॉर्मच्या टेबलावर गेला. टेबलाचा एक पाय मोडला आणि पाच दिवसांचे सगळे फॉर्म धुळ्याच्या वाऱ्यावर मैदानभर गेले. कोणी ओरडलं, कोणी टाळ्या वाजवल्या. नानांनी किल्ली फिरवून ट्रॅक्टर बंद केला आणि इतके हसले की टोपी पडली.

मग सून चढली. तिने एकदाच नानांकडून ऐकून घेतलं आणि मैदानाला अख्खी फेरी मारून ट्रॅक्टर जागच्या जागी आणून लावला. अक्का चहाच्या टेबलाशी आली, बशीतला कप सरळ केला आणि म्हणाली, "आता पाज चहा."

एक ट्रॅक्टर गेला. दुसरा, पाटी गळ्यात घालून, तिथेच उभा राहिला.

संध्याकाळी धाकटे शेठ आले. "विकला लिहिलंय, मग गिऱ्हाईक कुठंय? ही पाटी कोणी लावली?"

नाना म्हणाले, "मी."

मी चार हात अंतरावर उभी होते. मला तोंड होतं. एरवी ते बंद नसायचं. पण मी खाली वाकून फॉर्म वेचत राहिले. धुळीत एवढे फॉर्म पडले होते की मान वर करायची गरजच पडली नाही. माझ्या तरुणपणच्या सगळ्या फजित्यांवर मी हसते. नातींना रंगवून सांगते. ही एवढी मात्र सांगत नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

नाना गोदामात गेले. दुकानाच्या मागच्या गल्लीत दार होतं त्याचं. पुढे मी फॉर्म घेऊन बसले. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की दुकानात पुढून येणारे पुढूनच जातात. विकत घेणारे मात्र आधी मागच्या गल्लीतून येतात. एखादा वॉशर मागायचे, नानांशी तासभर बोलायचे आणि मग पुढे येऊन म्हणायचे, "नाना म्हणतेत, हाच घ्या." सावद्याच्या अक्काने तर चार घरं पाठवली. धाकटे शेठ सगळ्यांना सांगत की फॉर्मचा उपयोग होतो. नाना ऐकत आणि नट मोजत.

मी गिअर टाकायला शिकले, लिफ्ट शिकले, पुढे दुकानाची विक्री बघायला लागले. चपला कायमच्या सपाट झाल्या. नाना निवृत्त होऊन गावी गेले.

नव्वदच्या दशकात कधीतरी, एका दुपारी, ते आले. धुतलेलं धोतर, कडक टोपी. आणि पुढच्या दारातून आले. इतक्या वर्षांत त्यांना पुढून येताना मी पाहिलं नव्हतं. नव्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात फिरवला. "रंग भारी शे," म्हणाले.

मी चहा मागवला. त्यांनी कप सरळ धरला. पूर्ण प्याले, बशीतलंही प्याले. दुकानात किंवा स्टॉलवर मी त्यांना कधी चहा घेताना पाहिलं नव्हतं.

"आज मी देखणारा शे, पोरी."

इतकी वर्षं राहून गेलेलं मी शेवटी काढलंच. "नाना, ती धुळ्याची पाटी..."

"कोणती पाटी?" त्यांनी कप पुढे केला. "आखो घाल थोडा."

दुसरा कप संपवून ते उठले. मी दारापर्यंत सोडायला निघाले, तर ते दाराकडे गेलेच नाहीत. ट्रॅक्टरला वळसा घालून मागे गेले. वाकले. लिफ्टचा दांडा हलवून पाहिला आणि हळूच नाक मुरडलं.

त्यानंतर ते आले नाहीत. पण त्या दुपारी, ते तिथे मागे वाकलेले असताना, मी डोक्यावर नसलेली टोपी उगाच सारखी केली आणि सरळ उभी राहिले.