सहावी कुंडी

गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगमधले बेने इस्रायली ज्यू काका दाराच्या चौकटीवरच्या धर्मवचनाच्या डबीला बोटं लावून ती ओठांना टेकवल्याशिवाय बाहेर पडत नसत. काही बोलायचं असलं की आधी दोनदा खाकरत. त्यांच्या क्षमा मागायच्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी ते सहा नव्या कुंड्या घेऊन माझ्या दारात आले आणि खाकरले.

"तुमच्या पाच कुंड्या माझ्या स्कूटरने फुटल्या. तुम्ही वॉचमनला झापलंत, तेव्हा मी गप्प बसलो. माफ करा."

"पण या तर सहा आहेत."

"आमच्या शास्त्रात नुकसान भरून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. वॉचमनची माफी आधीच मागून आलोय."

ते मोकळ्या चेहऱ्याने जिना चढून गेले. मी सहावी कुंडी उचलली, खाली वॉचमनच्या केबिनपाशी गेलो आणि दोनदा खाकरलो.