पाणी किती वाजता भरतं?

डोळे आलेत म्हणून आम्ही तीन आठवडे बाबाच्या डोळ्यात थेंब घालत बसलो, एवढं आमचं शहाणपण! आमच्या दिवाळे गावात होडी किनाऱ्याला घेताना शिडाचा आडवा बांबू त्याच्या डोक्यात बसला होता. पुढे डावा डोळा लालभडक होऊन बाहेर यायला लागला, पण बांबूचा आणि डोळ्याचा संबंध कुणी लावलाच नाही. बाबा म्हणायचा, "डोक्यान काय तरी धसधसतंय." मी खेकसले, "काहीतरीच तुझं!" आणि त्याच्या कानशिलाला कान लावला. मलाही ऐकू आलं. धस्, धस्, धस्. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, मी बेलापूरला एका ऑफिसात टायपिस्ट होते. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून मुंबईच्या इस्पितळात सगळ्यांनी मलाच पुढे केलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्यामागे मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली होती आणि तिचं रक्त थेट शिरेत घुसत होतं. जांघेतून बारीक नळी वर डोक्यापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा इवलासा रबरी फुगा फुगवायचा आणि ते भोक बुजवायचं. नाही केलं तर डोळा जाणार. केलं, आणि फुग्याने मेंदूचंच रक्त अडलं, तर? "म्हणून त्यांना जागं ठेवायचं, बोलतं ठेवायचं," डॉक्टर म्हणाले. "बोलणं बिघडलं की फुगा लगेच रिकामा." बाबाने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. घाम मला फुटला.

डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी कामापुरतं. बाबाला ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आज तारीख काय?"

"पंचमी," बाबा म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. फुगा अजून फुगवलाही नव्हता! मी दारातून ओरडले, "अहो, बरोबर सांगतोय तो! आम्ही कोळी माणसं, आमच्या होड्या तिथीवर सुटतात." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि एक्स-रेवाल्यांचा तो जड एप्रन माझ्या अंगावर चढवून मला बाबाच्या उशाशी उभं केलं. आता प्रश्न मी विचारायचे. उत्तर चुकलं की सांगायचं. म्हणजे त्याचा जीव माझ्या तोंडावर!

फुगा फुगला.

"बाबा, आज काय?"

"पंचमी."

"पाणी किती वाजता भरतं?"

"बाराला," बाबा म्हणाला. अगदी स्वच्छ, न अडखळता. डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली.

बारा? बाराला भरतीचं पाणी भरतं पुनवेला आणि अवसेला. पुढे रोज पाऊण तास उशीर. पंचमीला चार वाजायला येतात. आमच्याकडे शेंबडं पोरही हे चुकत नाही, आणि बाबाचा जन्म पाण्यावर गेलेला. तरी मी गप्प राहिले. वाटलं, घाबरला असेल. वाटलं, इतक्या शिकलेल्या माणसांपुढे मी कोण सांगणारी? किती वेळ गेला देव जाणे. त्या गप्प बसण्याची आजही मला लाज वाटते.

"चुकलंय!" मी किंचाळले. "सोडा, सोडा ते!"

फुगा रिकामा झाला. थोड्या वेळाने बाबा आपणहून म्हणाला, "चारला भरंल." मला रडूच कोसळलं.

डॉक्टरांनी फुगा आणखी पुढे, थेट त्या भोकात सरकवला आणि पुन्हा फुगवला. "विचारा," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. तो परत बारा म्हणाला तर? विचारलंच नाही तर चुकायचा नाही, असलं काहीतरी खुळं मनात आलं. डॉक्टर ओरडले, "विचारा! विचारा ना!" मी नुसती मान हलवत राहिले.

तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, होडीवरून हाक मारायचा तसाच खणखणीत.

"इचार ना गो! फुगा माझ्या डोक्यान हाय, वाचा तुझी गेली काय?"