वंशावळीत आत्याचं नाव

माझ्या बापानं माझ्या आत्याला फसवलं. सख्ख्या बहिणीला. आजोबा वारल्यावर त्यानं लिहून दिलं की मयताला मी एकटाच, दुसरा वारस नाही. आत्या तेव्हा वरठीला नांदत होती, दोन लेकरांची आई होती, आणि आजोबांच्या तेरवीच्या पंगतीत तिनं स्वतः वरण वाढलं होतं.

हे मला कोणी सांगितलं नाही. मी मोबाइलवर शोधून काढलं. शोधायला निघालो होतो भलतंच.

मी धानाचा व्यापारी. मोहाडीच्या बाजारात सायकलवर पोतं लादून सुरुवात केली, आज स्वतःची राइस मिल आहे. पोत्यात परखी खुपसून मूठभर धान काढावं, दोन दाणे दाताखाली धरावेत आणि समोरच्याला तोंड उघडू न देता भाव सांगावा, हे मला जमतं. शिक्षण मात्र नववीपर्यंत. शिकल्यासवरल्या नातेवाइकांनी लग्नकार्यात मला कायम मागच्या रांगेत बसवलं. ते मी विसरलेलो नाही. म्हणून ठरवलं, आपल्या कुळाची वंशावळ आपण काढायची. बापाच्या प्राध्यापक झालेल्या चुलत भावाला जमलं नाही ते मी करून दाखवणार होतो.

आमच्याकडे दर काही वर्षांनी भाट येतो. त्याच्या वहीत पिढ्या लिहिलेल्या असतात. या खेपेला मी त्याला दोन दिवस घरी ठेवून घेतलं, पानापानाचे फोटो काढले, नावांवरून त्याच्याशी भांडलो आणि सगळं मोबाइलच्या एका अ‍ॅपमध्ये भरलं. अ‍ॅपनं झकास झाड काढून दिलं. ते रंगीत छापून, फ्रेम करून मंडईच्या दिवशी घरोघरी वाटलं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. आत्याही आली होती. ऐंशीच्या पुढची, दुसरीपर्यंत शिकलेली. तिनं फ्रेम मांडीवर घेतली आणि एकेका नावावरून बोट फिरवत गेली. वरून खाली, मग पुन्हा वर.

"माहं नाव कुठी आहे रे बापू?"

"वंशावळीत पोरी लिहीत नाहीत, आत्या."

"काहून?"

"भाटाच्या वहीतच नाहीत."

"भाटाले सांगते कोण? तुमीच ना?" मग ती हसली. "सारे गडीच आहेत बा इथं. याइले कोनाले माय होती का नाई?"

ओसरीवरच्या सगळ्या बायका खदखदून हसल्या. माझं डोकं तापलं. इतका खर्च, इतकी खटपट, आणि एक म्हातारी मला चार लोकांत गप्प करते! मी तडकून म्हणालो, "सरकारी कागदात तुहं नाव असंल ना आत्या, तं दुसरं झाड छापतो. तुह्या नावासकट."

"छाप," ती म्हणाली. "मी वाट पायतो."

दुसऱ्या दिवशीपासून मी मिलच्या गादीवर बसून सरकारी संकेतस्थळावर जुने कागद शोधू लागलो. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, कागदाचा प्रकार निवडा. वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाका. चुकली, पुन्हा टाका. तीनदा मोबाइल गादीवर आपटला. हमालांना वाटलं, भाव पडला.

आठ-दहा दिवसांनी कोतवाल पंजी सापडली. पूर्वी गावचा कोतवाल कोण जन्मलं, कोण मेलं हे सांगायचा आणि त्याची नोंद व्हायची, ती ही पंजी. आमच्या भागातले ते कागद हिंदीत आहेत. पान पिवळं, शाई पसरलेली, मधून वाळवीची भोकं. बोटांनी मोठं करत करत एका ओळीवर थांबलो. आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, गाव, आणि पुढे एक शब्द: लडकी. नाव नाही. जन्मलेल्या पोराचंही नाव त्यात नसायचं, लडका किंवा लडकी एवढंच. पण साल जुळत होतं, आणि आजोबांना मुलगी एकच.

मी मोटारसायकल काढली आणि थेट वरठी गाठलं. आत्या अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी ती ओळ मोठी करून तिच्यासमोर धरली.

"हे मी हाओ?"

"तूच."

ती बराच वेळ पाहत राहिली. पडद्याला बोट लागलं की ओळ सरकायची, मग मी पुन्हा आणून द्यायचो. "बाबानं सांगतलं असंल कोतवालाले," ती म्हणाली. "सवताच्या तोंडानं. लडकी झाली म्हनून." सूप बाजूला राहिलं. तिनं सुनेला हाक मारून दाखवलं, शेजारणीला दाखवलं.

मला चेव आला. लडकी सापडली, आता नाव सापडायला हवं. वारसांच्या नोंदीत नाव लिहावंच लागतं, म्हणून आजोबांच्या मृत्यूनंतरचा जमिनीचा फेरफार काढला. मराठीत, स्वच्छ अक्षरात. वारस: मुलगा एक. अन्य वारस नाही. खाली माझ्या बापाची सही. ती सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी पाहिली होती.

मी तो कागद चार वेळा वाचला. व्यापारात मला अनेकांनी फसवलं, ओलं धान कोरडं म्हणून गळ्यात घातलं, आणि मी त्यांची आई-बहीण काढली. इथं कोणाची काढणार?

बाप वाईट नव्हता. गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करून त्यानं आम्हाला वाढवलं. दर मंडईला आत्यासाठी लुगडं स्वतः निवडून आणायचा, दुकानदारानं पहिलं दाखवलेलं कधीच घ्यायचा नाही. त्याच हातानं ही सही केली होती.

आत्याला सांगावं की नाही, यात आठवडा गेला. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"कवापासून?"

"तुह्या मामाजीनं इचारलं होतं एकदा. तुलेच. तू चिडला, तवाच समजलं मले."

मला आठवलं. आत्याचा नवरा, ज्याला आम्ही मामाजी म्हणायचो, एकदा मिलवर आला होता. हळू आवाजात म्हणाला, सासऱ्याच्या कागदात हिचं नाव कुठं आहे का, पाहून देशील का. मी भर हमालांसमोर ओरडलो होतो: बायकोच्या माहेरावर डोळा ठेवून राहिले का तुम्ही? तो मांडलेला चहा तसाच ठेवून उठला. आता तो नाही. माफी मागायला माणूस उरलेला नाही.

"मंग तू कधी बोलली काहून नाई?" मी विचारलं.

"बोलली असती तं माहेर तुटलं असतं. वरसातून एक दिवस येतो मी. तोही गेला असता." मग म्हणाली, "मले शेताच्या बांध्या नाई पायजे, बापू. या वयात धान लावाले जाऊ का मी? बाबाच्या लेकराईत माहं नाव लिव. मराच्या आंधी."

तिचं नाव मी इथंही लिहीत नाही. आधी ते तिथं लागायला हवं.

बापामागं जमीन आम्हा दोघा भावांच्या नावावर आली, त्यामुळे नोंद दुरुस्त करायची तर मोठ्या भावाची सही लागते. तो गावीच असतो, शेत कसतो. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यानं जे केलं ते मी केलं नाही, मी मिलवर होतो, हे मान्य आहे. मी त्याच्यापुढे पंजीचं पान, फेरफार आणि दुरुस्तीचा अर्ज असे तिन्ही कागद ठेवले आणि आयुष्यातला सगळ्यात सोपा सौदा मांडला. "भाऊ, तिनं जमीन मागतली तं माह्या हिश्शातून जाईल. तुह्या वावराच्या धुऱ्याले हात लागनार नाई. तू फक्त सही कर."

त्यानं कागदाला हातही लावला नाही. "जमिनीचं नाई रे. मेलेल्या बापाले तू सरकारदरबारी खोटं पाडून राहिला."

"खोटं त्यानं लिहिलं, भाऊ."

"कायले उकरून राहिला मंग? आत्या काई बोलली का कधी?"

त्यावर मी खूप बोललो. त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. वहिनीनं दोघांच्या मध्ये येऊन मला बाहेर काढलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे आणि अर्ज माझ्या कपाटात तसाच पडून आहे.

भाऊ, हे छापून आलं की कोणीतरी तुला आणून देईलच. बापाच्या अब्रूची तुला काळजी आहे, ठीक आहे, मलाही आहे. सही करू नको. पण या मंडईला आत्या येईल. तिच्यासमोर पाटावर बस, तिच्या डोळ्यांत पाहा आणि तुझ्या तोंडानं तिला सांग की ती तिच्या बापाची लेक का नाही. मला नको सांगू. तिला सांग.