‘यू ऑल राइट?’चं उत्तर

कुंभारीहून निघाले तेव्हा आई सोलापूर स्टेशनापर्यंत आली होती. नवी पेठेतून घेतलेला जाड स्वेटर तिनं भर उन्हाळ्यात माझ्या हातावर टाकला आणि गाडी हलेपर्यंत एकच सांगत राहिली, “जिवाला जप गं. तितं इचारणारं कोन न्हाय.”

पण इंग्लंडमध्ये तर सगळेच विचारत होते! लीड्सच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी वॉर्डाची सिस्टर जाता जाता म्हणाली, “यू ऑल राइट?” मला भरून आलं. सांगायला लागले: झोप नाही, खोली गार, घास उतरत नाही. ती बिचारी हातातला ट्रे सावरत ऐकत राहिली. नंतर वॉर्डातल्याच केरळच्या लिसीनं मला बाजूला घेऊन समजावलं, की ते नुसतं हॅलो असतं. “येस, यू?” म्हणायचं आणि पुढं चालायचं.

आपल्याकडंही रस्त्यात “काय, बरं हाय का?” म्हणतातच की. पण विचारणारा गाडीवरचा पाय खाली टेकवतो.

दोन वर्षांत ते जिभेवर असं बसलं, की फोनवरही तेच. आई “बरी हाईस न्हवं?” म्हणायची, मी “हो, तू?” म्हणायची आणि तिचं उत्तर यायच्या आत शिफ्टचं, बसचं सांगून फोन ठेवायची.

एका रविवारी फोन बाबांनी उचलला. “आई पट्टी बदलायला गेलीया. गाठ काडली न्हवं का छातीतली, पंधरा दिस झालं.”

मी नर्स. रोज परक्या आयांच्या जखमा बघते.

संध्याकाळी आईला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” ती चिडली नाही. “सांगनार हुते की. दोनदा तोंड उगडलं. पर तू इचारतीस आन् लगीच निगतीस.”

गाठ साधी निघाली. तरी मी जिन्यात बसून रडले.

आता रविवारी मी विचारते आणि गप्प बसते. आधी आईलाही अवघडल्यासारखं व्हायचं, “काय न्हाय” म्हणायची. मग हळूहळू एकेक निघायचं: हात वर जात नाही, बाबा गोळ्या चुकवतात, शेजारणीशी अबोला आहे. गेल्या रविवारी पाऊण तास बोलली. शेवटी म्हणाली, “ठिवू का? तुला कामं असतील.”

“न्हाय गं, बोल की.”

किती दिवसांनी माझ्या तोंडून ‘न्हाय’ निघालं होतं! आई हसली. लीड्सच्या त्या गार खोलीत बसून, तेवढा वेळ मी घरी होते.