न्हाणीतला समुद्र

समुद्राची माझ्या साडूंना जितकी माहिती आहे तितकी कोकणातल्या माणसालाही नसेल, आणि माझ्या साडूंनी अजून समुद्र पाहिलेला नाही. नागभीडपासून दोन कोसांवर मोठ्या तलावाच्या पाळीला लागून त्यांचं घर. मासेमारीचा लाकडी डोंगा, फेकजाळं आणि पाठीचा बाक या तिन्ही गोष्टी वडिलांकडून आलेल्या. अशा माणसाच्या मोबाइलवर एका दुपारी कुठलासा व्हिडिओ उघडला. अफाट निळं पाणी, त्यात एका माणसापुरती प्लास्टिकची होडी, होडीतल्या माणसाच्या हातात गळाची काठी, काठीला गरगर फिरणारं रीळ. आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जे काही होतं ते त्या माणसाला होडीसकट ओढत नेत होतं. मला दाखवताना साडूंचा आवाज खाली आला होता. "पाहा जी साडभाऊ, आपन मासोळी ओढतो. इथी मासोळी मानसाले ओढून राह्यली." तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती: जन्मात एकदा आपल्यालाही असं कुणी ओढून न्यावं. योगायोगाने त्यांची मुलगी कोकण किनाऱ्यावर दिलेली, जावई तिथे नोकरीला, आणि तिच्या घराजवळ तशा होड्या, ज्यांना कायाक म्हणतात, भाड्याने मिळत. म्हणजे समुद्र होता, होडी होती, मुक्कामाची सोय होती. राहिलं होतं फक्त रीळ निवडायचं.

हे 'फक्त' माझं आहे, साडूंचं नव्हे. मोठ्या बाईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, पाहायला ते चार वेळा आले होते. चौथ्या खेपेला सासरे म्हणाले, "आता पोहे संपले जी, पोरीलेच घेऊन जा." बाजारात वांगं घेतलं तर ते कानाशी धरून हलवतात. काय ऐकू येतं ते त्यांनी सांगितलेलं नाही, पण त्यांच्याकडचं वांगं किडकं निघालेलं मी पाहिलेलं नाही. मग रिळाचं काय विचारता! कायाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्यावरच बसलेला असतो, रीळ मांडीशी, लाट आली की पहिली आंघोळ त्याची. म्हणून ते चारही बाजूंनी बंद हवं. दिवसभर एका हाताने वल्हं आणि एका हाताने काठी, म्हणून ते हलकं हवं. हलकं म्हणजे किती, हे ठरवायला साडू पाव किलोचं वजन मुठीत धरून सकाळभर डोंग्यात बसले, दुसऱ्या दिवशी त्याला पन्नास ग्रॅमचं जोडून बसले. पाळीवरून म्हशी नेणारे विचारत, "काऊन जी भाऊ, पानी मोजून राह्यले का?" साडू गंभीरपणे म्हणत, "नाई. मनगट."

आणि सर्वांत मोठा वैरी म्हणजे मीठ. मिठाने लोखंडाचं काय होतं, हे पाहण्यासाठी साडूंनी न्हाणीत समुद्र केला. बकेटभर पाणी होतं, मीठ होतं, पण समुद्र किती खारट असतो ते कोण सांगणार? त्यांनी मुलीला फोन लावला, "चाखून सांग." ती बिचारी किनाऱ्यावर गेली आणि पाणी चाखून म्हणाली, "बाबा, आईनं वरणात चुकून दोनदा मीठ टाकलं की लागते ना, तसा." मोठ्या बाईंनी हे ऐकलं आणि दोन दिवस वरण केलं नाही. त्या समुद्रात सायकलची घंटी बुडाली, कडी-कोयंडा बुडाला, शेवटी बाईंचा अडकित्ता बुडाला. "अवो, उद्या मले बी बुडवान अन् गंज चढते का पाहान," बाई म्हणाल्या. त्याच सुमारास मी मुक्कामाला गेलो होतो. पाहुण्याने काहीतरी हातभार लावावा म्हणून सकाळी उठून मी न्हाणीतली बकेट उचलली आणि परसातल्या सांबाराच्या वाफ्याला घातली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तिसऱ्या दिवशी वाफा पिवळा पडला. साडूंनी वाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाहा, मीठ बरोबर पडलं होतं."

या अपराधाची भरपाई म्हणून मी नागपूरहून त्यांना एक रीळ आणून दिलं. दुकानदाराने "समुद्राचंच आहे" म्हणून छातीवर हात ठेवला होता. बकेटीत तिसऱ्या दिवशी त्याची मूठ फिरेना. साडूंनी एक वावगा शब्द काढला नाही. ते पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "रीळ चांगलं आहे जी. फक्त गोड्या पान्याचं आहे. तुमच्यासारखं."

पुढे त्यांनी स्वतः निवडलेलं रीळ आलं. ते एकवीस दिवस समुद्रात राहिलं आणि बाहेर काढून फिरवलं तेव्हा ताकात रवी फिरावी तसं फिरलं. साडू त्या दिवशी जेवताना दोनदा हसले. निवड संपली होती! तिकिटं काढायचं काम मी अंगावर घेतलं, कारण मोबाइलवर तिकीट काढता येणारा त्या घरात मीच. आणि इथे मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. आमच्याकडे पाऊस लागला की तलावाचे मासे ओहोळातून चढत बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, येतात, धोतराच्या सोग्यातही सापडतात. पाऊस म्हणजे मासोळी, एवढंच मला ठाऊक. मी ऐन आषाढातली तिकिटं काढली. मुलीचा फोन आला, "मावसाजी, पावसाळ्यात समुद्र बंद असते ना! सगळ्या होड्या वर ओढून ठेवल्या." समुद्राला कुलूप लागतं हे नागभीडच्या माणसाला कसं कळावं? बांधून ठेवलेली पिशवी साडूंनी सोडली. "जाऊ द्या जी. समुद्रालेही सुट्टी पाहिजे. धान कापलं की जाऊ."

धान कापायच्या आधीच जावयाची बदली झाली. आमच्याच मुलखातल्या माजरीला. सहा वर्षं दूर असलेली लेक आता सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येण्याइतकी जवळ आली. मोठ्या बाई आनंदाने रडल्या. साडूंनी गावभर पेढे वाटले, मलाही दिला. तो माझ्या हातावर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लेक जवळ आल्याचं दुःख कोणता बाप बोलून दाखवेल?

ती पहिल्यांदा आली तेव्हा मीही तिथे होतो. तिने तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमधून समुद्र आणला होता. साडूंनी तो न्हाणीतल्या बकेटीत ओतला आणि त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा एकदा बुडवून लावलं. मग म्हणाले, "साडभाऊ, मी मीठ कमीच टाकत होतो."

त्यांनी कोनाड्यातून रीळ आणलं, एकदा खोल बुडवलं, पाण्याखाली मूठ फिरवली आणि बाहेर काढलं. मला वाटलं आता ते पुन्हा कोनाड्यात जाईल. पण त्यांनी माझ्या हातात तांब्या दिला. "पानी सोडा. समुद्रावरून आल्यावर रीळ गोड्या पान्यानं धुवाच लागते."

मी तलावाच्या पाण्याची धार धरली आणि ते सावकाश, प्रत्येक फटीतून बोट फिरवत धूत राहिले. धुऊन दुपट्ट्याने कोरडं करीपर्यंत बरीच दुपार गेली. बकेटीतलं पाणी कुठे ओतायचं, ते मी या वेळी विचारलं. "राहू द्या," साडू म्हणाले. बकेटीवर त्यांनी झाकण ठेवलं.