बसली, पण बसत नाही

आमच्या वहिनींबद्दल थोडं लिहितो. नीट जमेल याची खात्री नाही.

वहिनी अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड पांघरुणं टांगली आहेत. हल्ली त्या गाणं शिकवणाऱ्या एका अंध बाईंसाठी वाचत होत्या. पुस्तक त्या बाईंच्या दिवंगत गुरूंचं. निम्मं झालं आणि वहिनींचा एका मोठ्या कंपनीच्या छापाचा कॉम्प्युटर कायमचा बसला.

दुरुस्तीवाल्याने सुटे भाग जोडून दुसरा करून दिला आणि जुन्यातली डिस्क त्यात घातली. निम्मं पुस्तक ज्या प्रोग्रॅममध्ये होतं, तो त्याच कंपनीच्या सिस्टीमवर उघडायचा. म्हणून वहिनींनी विकत घेतलेली ती सिस्टीम त्याने यात बसवली. पडद्यावर अटींचं लांबलचक पान आलं. खाली दोन बटणं: ‘मान्य आहे’, ‘मान्य नाही’.

“दाबा पहिलं, काकू.”

“वाचू तर दे.”

“ते कुणी वाचत नसतं.”

“माझं कामच वाचायचं आहे रे.”

सवयीप्रमाणे त्या मोठ्याने वाचू लागल्या, स्वल्पविरामाला थांबत. दुरुस्तीवाल्याने दोनदा जांभई दिली. मग त्या अडल्या. “ही सिस्टीम फक्त कंपनीच्या छापाच्या यंत्रावर वापरावी, असं आहे. हे यंत्र कुणाच्या छापाचं?”

“माझ्या छापाचं म्हणा.”

“मग बसत नाही.”

“अहो, बसली की! चालतेय डोळ्यांदेखत.”

“यंत्रात बसली. नियमात बसत नाही.”

माझं डोकं चालेना. म्हटलं, “वहिनी, विकत घेतलेली वस्तू कुठे ठेवायची ते दुकानदार कसं ठरवणार?”

“विकलेलीच नाही म्हणतात, भावजी. वापरायला दिली आहे.”

“मग दुकानातून पिशवीत घालून आणली ती?”

“पिशवी आपली,” वहिनी म्हणाल्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, “जुन्या यंत्रावरचं कंपनीचं चिन्ह काढून यावर चिकटवतो. झाला छाप.”

“पाटी बदलली म्हणून भाडेकरू मालक होतो का?”

“पण बघतंय कोण, काकू?”

“कुणी नाही. पण मान्य नसताना मान्य आहे कसं म्हणू?” त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही काय केलं असतं, भावजी?”

मी म्हणालो, दाबलं असतं. लगेच म्हणालो, नसतं दाबलं. दुरुस्तीवाला माझ्याकडे बघतच राहिला.

वहिनींनी ‘मान्य नाही’ दाबलं. खिडकी मिटली आणि निम्मं पुस्तक आतच राहिलं.

त्यांनी गाण्याच्या बाईंना फोन लावला. पुन्हा पहिल्या पानापासून वाचावं लागेल म्हणाल्या. फोनवरचं मला ऐकू आलं. “मला वाटलं होतं, निम्मं तरी आता मिळेल.”

दुरुस्तीवाल्याने मग कुठल्याही यंत्रावर चालणारी, फुकट मिळणारी सिस्टीम घातली. तिच्याही अटी वहिनींनी अथपासून इतिपर्यंत वाचल्या आणि ‘मान्य आहे’ दाबलं.

आता त्या पहिलं प्रकरण वाचताहेत. कुणी घंटी वाजवू नये म्हणून मी बाहेर बसतो. एका कंपनीच्या एका वाक्यासाठी वाट बघणाऱ्या बाईला आणखी थांबवलं, हे बरोबर झालं का? मला अजून उलगडत नाही. परवा न राहवून दार किलकिलं करून विचारलं.

“मलाही कळत नाही, भावजी,” वहिनी म्हणाल्या. “दार लावा. तुमचा आवाज येतोय त्यात.”