महादेवीअक्कांना आज नाही म्हणावं लागलं

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी धाराशिवला वकिली करते. मुरुमच्या महादेवीअक्का माझ्या जुन्या पक्षकार. मुलींच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाक करायच्या. धान्याला कीड लागलीय, अशी लेखी तक्रार त्यांनी केली आणि गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं. आम्ही नऊ वर्षं लढलो. गेल्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयातही हरलो.

आज अक्का एक कागद घेऊन आल्या. भाचीनं मोबाईलवर शोधून छापून दिलेला.

"ताई, परदेशात मानवी हक्काचं कोर्ट हाय म्हणं. कामावरनं काढलेल्या एका बाईला तिथं न्याय मिळाला. आपून जाऊ की."

मला सांगावं लागलं, "अक्का, ते कोर्ट तिकडच्या सदस्य देशांपुरतं आहे. आपल्याला तिथं दाद मागता येत नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "जिंकायचं ऱ्हाऊ द्या. मला निस्तं सांगायचं व्हतं. त्या दिवशी भाकरी तव्यावर व्हती. ती उलटूबी दिली न्हाय मला. हाताला धरून भाईर काढलं. पोरी बघत व्हत्या."

बडतर्फीच्या हुकमाची तारीख मला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी त्यांच्यावर काय गुदरलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं ऐकलं. त्यानं निकाल बदलत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

तुमच्या घरात कुणाची नोकरी अशी गेली असेल, तर त्यांना त्या दिवसाबद्दल कधी विचारलंय तुम्ही?